बेडकाच्या जखमेत पू का होत नाही? (सूक्ष्मजीवरोधी पेप्टाइडं आणि उपजत प्रतिकारशक्ती)

पेशीवेल्हाळ (धागाकर्ती)

कोलिस्टिन या अँटिबायोटिकवरच्या धाग्यात एकाने विचारलं होतं की अँटिबायोटिक्स येण्याआधी माणसं जगायची तरी कशी. उत्तर लिहायला घेतलं आणि ते तिथे मावेना, म्हणून हा वेगळा धागा. मी जीवरसायनशास्त्रातली आहे, डॉक्टर नाही. तेव्हा औषधोपचाराचे सल्ले इथे मागू नका, मिळणार नाहीत.

सुरुवात बेडकापासून. १९८०च्या दशकात मायकेल झॅस्लॉफ अमेरिकेत बेथेस्डा इथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत झेनोपस या आफ्रिकी बेडकाची अंडी वापरून संशोधन करत होते. विषय जनुकांचा, रोगजंतूंशी काही संबंध नाही. बेडकीण घ्यायची, पोटाला छेद द्यायचा, अंडी काढायची, टाके घालायचे आणि तिला परत टाकीत सोडायचं. टाकीतलं पाणी म्हणजे जंतूंचा नुसता बुजबुजाट. ऑपरेशननंतर माणसाला अशा पाण्यात बसवलं तर काय होईल ते सांगायला नको. बेडकिणींच्या जखमा मात्र सूज नाही, पू नाही, अशा छान भरून यायच्या. झॅस्लॉफ यांनी त्यांच्या कातडीचा अर्क काढला आणि १९८७ साली त्यातून जंतू मारणारी दोन पेप्टाइडं (प्रथिनासारख्याच, पण छोट्या साखळ्या), प्रत्येकी २३ अमिनो आम्लांची, वेगळी केली. ती मॅगेनिन्स. दोघांमध्ये फरक फक्त दोन अमिनो आम्लांचा.

मॅगेनिन पहिलं नव्हे. स्टॉकहोमच्या हान्स बोमान यांच्या गटाने सेक्रोपिया नावाच्या मोठ्या पतंगाच्या कोषात जिवाणू टोचले आणि त्याच्या शरीरद्रवात तयार होणारी सेक्रोपिन्स १९८१ मध्ये जगापुढे मांडली. कीटकांमध्ये अँटिबॉडी नसतातच, तरी ते मजेत जगतात, यामागचं एक मोठं कारण तेव्हा हाती लागलं. त्याच्याही दोन वर्षं आधी, १९७९ मध्ये, हैदराबादच्या पुष्पमित्र भार्गव यांच्या गटाने बैलाच्या वीर्यद्रवातलं सेमिनलप्लाझमिन प्रसिद्ध केलं होतं. ते ई. कोलाय जिवाणूच्या आत शिरून त्याचं आरएनए बनवणं बंद पाडतं, असं त्यांनी दाखवलं. या विषयाचा इतिहास सांगताना हे नाव बहुतेक वेळा गाळलं जातं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आता ही पेप्टाइडं करतात काय? साधारण दहा ते पन्नास अमिनो आम्लांची साखळी, तिच्यावर धन विद्युतभार, आणि घडी अशी पडते की एका बाजूला पाणी आवडणारे भाग आणि दुसऱ्या बाजूला चरबी आवडणारे. साबणाचा रेणू असाच दोन्ही डगरींवर हात ठेवून असतो. जिवाणूच्या पटलाची (पेशीभोवतीच्या पातळ आवरणाची) बाहेरची बाजू ऋणभारित असते, त्यामुळे पेप्टाइड तिकडे ओढलं जातं, मग चरबीत घुसतं आणि पटलाला भोकं पाडतं किंवा ते विस्कटून टाकतं. काही मिनिटांत खेळ खलास. आपल्या पेशींच्या पटलाची बाहेरची बाजू जवळजवळ भाररहित असते आणि त्यात कोलेस्टेरॉलही असतं, म्हणून आपण त्यातून सुटतो. पूर्णपणे सुटतो असं नाही, मात्रा वाढली तर आपल्या पेशीही फुटतात. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपल्या शरीरात हा साठा जिथे जिथे बाहेरचं जग भेटतं तिथे आहे. कातडीत, लाळेत, श्वासनलिकेच्या अस्तरात. लहान आतड्याच्या सुरकुत्यांच्या तळाशी असलेल्या पॅनेथ पेशींत. आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींत, जिथे डिफेन्सिन्स कणांमध्ये ठासून भरलेली असतात (१९८५, लॉस एंजेलिसचे रॉबर्ट लेहरर आणि सहकारी). डिफेन्सिन्स हा एक मोठा परिवार. दुसरा परिवार कॅथेलिसिडिन्सचा. त्यातलं माणसाकडे एकच आहे, एलएल-३७.

चहाबाज

वाचतोय. बेडकाचा किस्सा भारी.

शंकासूर

लेख आवडला, पण एक मूलभूत शंका. लस घेतली की अँटिबॉडी तयार होतात एवढं आम्हाला कोविडने शिकवलं. मग ही पेप्टाइडं अँटिबॉडीच्या आधी येतात, नंतर येतात की बरोबर? आणि जर मिनिटांत जंतू मरत असतील तर अँटिबॉडीची गरजच काय?

पेशीवेल्हाळ

@शंकासूर, आधी. पुष्कळशी तर आधीच तयार असतात, उरलेली काही तासांत बनतात. अँटिबॉडीला पहिल्या गाठीभेटीत आठवडा-दोन आठवडे लागतात. जंतू ओळखायचा, त्याला नेमकी बसणारी पेशी निवडायची, तिची फौज उभी करायची, एवढा सगळा व्याप. तोवर किल्ला लढवायचं काम उपजत प्रतिकारशक्तीचं, आणि पेप्टाइडं हे तिचं एक हत्यार.

गरज का, तर पेप्टाइडांना स्मरण नसतं. गोवर एकदा झाला हे त्यांना कळत नाही. पेशीच्या आत दडून बसलेल्या विषाणूपुढेही त्यांचं फारसं चालत नाही.

पेप्टाइडांशिवाय काय होतं हे माशीवर दिसलं. स्ट्रासबूर्गला ज्यूल्स हॉफमन यांच्या प्रयोगशाळेत ब्रुनो लमेत्र यांनी टोल नावाचं जनुक बिघडलेल्या फळमाश्या घेतल्या. त्यांच्यात बुरशीविरोधी ड्रॉसोमायसिन तयार होत नव्हतं. अ‍ॅस्परजिलस बुरशीचा संसर्ग दिला तेव्हा माश्या मेल्या आणि त्यांच्या अंगातून बुरशीचे तंतू बाहेर आले. तो १९९६ चा फोटो अजूनही वर्गावर्गांत दाखवतात. हॉफमन यांना २०११ चं नोबेल मिळालं ते या कामासाठी. टोलसारखे ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे पेशीचे संदेश टिपणारे रेणू) आपल्यातही आहेत आणि धोक्याची पहिली घंटा तेच वाजवतात.

रात्रपाळी

मी अतिदक्षता विभागात काम करतो, म्हणून कोलिस्टिनबद्दल थोडं. ते पेप्टाइडच आहे, फक्त आपलं नव्हे, मातीतल्या एका जिवाणूचं. १९४०च्या दशकाच्या शेवटी जपानमध्ये सापडलं. मूत्रपिंडाला आणि मज्जातंतूंना त्रास देतं म्हणून सत्तरच्या दशकात मागे पडलं. मग कार्बापेनेम या जबर अँटिबायोटिक्सनाही दाद न देणारे क्लेब्सिएला आणि असिनेटोबॅक्टर हे जिवाणू आले आणि हे अडगळीतलं औषध पुन्हा बाहेर काढावं लागलं. आज रुग्णाला कोलिस्टिन सुरू केलं की आमचा एक डोळा संसर्गावर आणि दुसरा क्रिएटिनिनवर (मूत्रपिंड कसं चाललंय ते सांगणारी रक्ततपासणी). जंतूचं पटल फाडणारी गोष्ट मूत्रपिंडाच्या पेशीलाही ओळख दाखवते, हे धागाकर्तीचं 'मात्रा वाढली तर' वालं वाक्य आम्ही रोज जगतो.

आणि हेच औषध कोंबड्या लवकर वाढाव्यात म्हणून त्यांच्या खाद्यात जात होतं. २०१९ च्या जुलैत केंद्र सरकारने पशुपालन, कुक्कुटपालन आणि मत्स्यशेतीसाठी त्याच्या विक्रीवर बंदी घातली. फार उशिरा, पण घातली.

मीनू_के

जखमेवर निओस्पोरिन लावतो त्याचं काय? घरात कायम असतं.

रात्रपाळी

@मीनू_के, त्यात पॉलिमिक्सिन बी (कोलिस्टिनचा सख्खा भाऊ), बॅसिट्रासिन आणि निओमायसिन असतं. पहिली दोन पेप्टाइडं आहेत. म्हणजे तुम्ही वर्षानुवर्षं जिवाणूंचीच पेप्टाइडं जिवाणूंवर शिंपडताय. कातडीवर लावल्यामुळे मूत्रपिंडापर्यंत फारसं पोचत नाही, म्हणून चालतं. पण दरवेळी खरचटलं की लावायचीच असं काही नाही, साबण-पाणी बहुतेकदा पुरतं.

आजोळ

मी निवृत्त परिचारिका. बहुतेक नोकरी प्रसूतिकक्षात गेली. बाळ जन्मतं तेव्हा अंगावर पांढरा चिकट थर असतो. पूर्वी आम्ही तो खसाखसा पुसून, आंघोळ घालूनच बाळ नातेवाइकांच्या हातात द्यायचो, नाहीतर आज्या नाक मुरडायच्या. नंतर सूचना आल्या की पहिली आंघोळ चोवीस तास तरी लांबवा. कारण सांगायचे ते बाळ गार पडू नये हे. त्या थरातही ही पेप्टाइडं असतात असं एका प्रशिक्षणात ऐकलं होतं. खरं का?

पेशीवेल्हाळ

@आजोळ, अगदी खरं. त्या थरात एलएल-३७, डिफेन्सिन्स आणि लायसोझाइम सापडलेली आहेत. लायसोझाइम हे पेप्टाइड नव्हे, विकर (एन्झाइम) आहे, पण काम शेजारचंच. पेनिसिलिनच्या आधी, १९२२ मध्ये, फ्लेमिंग यांनी नाकातल्या शेंबडातून ते शोधलं होतं. अश्रूंतही ते भरपूर असतं. बाळाची स्वतःची अँटिबॉडी यंत्रणा अजून कच्ची असते, त्यामुळे पहिल्या दिवसांत हा थर आणि आईचा चीक या दोन्हींना मोल आहे. आज्यांना मात्र हे पटवणं तुम्हालाच जमेल.

गोडाचा_शिरा

माझ्या मुलाला लहानपणापासून एक्झिमा. खाजवतो, चिघळतं, त्यात जंतुसंसर्ग. माझ्या काकांना सोरायसिस, त्यांची कातडी दिसायला कितीतरी वाईट, पण त्यांना संसर्ग झालेला आठवत नाही. याचा या विषयाशी संबंध आहे का? (सल्ला मागत नाहीये, कुतूहल.)

पेशीवेल्हाळ

@गोडाचा_शिरा, तुमच्या घरातच पाठ्यपुस्तकातलं उदाहरण आहे. सोरायसिसच्या चट्ट्यांत ही पेप्टाइडं भरमसाट असतात. इतकी की माणसाचं बीटा-डिफेन्सिन-२ हे जर्मनीतल्या कील इथल्या संशोधकांनी १९९७ मध्ये सोरायसिसच्या सुटलेल्या खपल्यांमधूनच वेगळं केलं. एक्झिमाच्या कातडीत दाह तेवढाच असूनही एलएल-३७ आणि बीटा-डिफेन्सिन-२ त्यामानाने कमी पडतात, हे २००२ मध्ये दाखवलं गेलं. तिथला दाह वेगळ्या जातीचा आहे आणि त्यातले संदेशक रेणू या पेप्टाइडांचं उत्पादन दाबतात. म्हणून स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू तिथे ठाण मांडतो.

मग सोरायसिसवाले नशीबवान का? मुळीच नाही. तिथे एलएल-३७ आपल्याच मेलेल्या पेशींच्या डीएनएला चिकटतं आणि ती जोडगोळी प्रतिकारपेशींना 'विषाणू आला' असं भासवते. दाह आणखी भडकतो. चेहरा लाल करणाऱ्या रोझेशियातही एलएल-३७ जास्त असतं आणि त्याचे तुकडे चुकीच्या ठिकाणी होतात. म्हणजे हे रेणू जंतू मारतात तसेच निरोपही पोचवतात. पेशींना बोलावणं, जखम भरायला लावणं, हे त्यांचं निम्मं काम. 'जितकं जास्त तितकं चांगलं' हा हिशेब इथे चालतच नाही.

चहाबाज

कोवळ्या उन्हात बसलं की ड जीवनसत्त्व आणि त्यातून हीच पेप्टाइडं वाढतात असं वाचलंय. जुन्या काळी क्षयरोग्यांना आरोग्यधामात उन्हात झोपवायचे ते याचसाठी ना? आमच्या मिरजेजवळ वानलेसवाडीला असं आरोग्यधाम होतं.

पेशीवेल्हाळ

@चहाबाज, दुवा खरा आहे, निष्कर्ष अर्धा. २००६ मध्ये दिसलं की क्षयाच्या जंतूची चाहूल लागली की आपल्या भक्षकपेशी ड जीवनसत्त्वाचा ग्राहक वाढवतात आणि मग एलएल-३७ तयार होऊन जंतू मरतो. रक्तात ड कमी असेल तर हे नीट होत नाही. सगळे हरखले. कोपनहेगनच्या नील्स फिन्सेन यांना कातडीच्या क्षयावर प्रकाशाने उपचार केल्याबद्दल १९०३ मध्ये नोबेल मिळालं होतं, त्याचाही उलगडा झाल्यासारखं वाटलं.

गंमत म्हणजे उंदरात हे तपासताच येत नाही. एलएल-३७ च्या जनुकावरची ड जीवनसत्त्वाची कळ फक्त माणूस आणि वानरकुळात आहे. त्यामुळे माणसांवरच चाचणी हवी. ती मंगोलियात झाली: ८,८५१ शाळकरी मुलं, बहुतेकांच्यात ड कमी, तीन वर्षं दर आठवड्याला निम्म्यांना ड आणि निम्म्यांना खोटी गोळी. निकाल २०२० मध्ये आला. रक्तातलं ड वाढलं, क्षयाचा संसर्ग कमी झाला नाही. बशीतल्या पेशीत जे घडतं ते गावात घडेलच असं नाही. उन्हात बसायला माझी हरकत नाही, हाडांसाठी बसा.

सह्यभटका

बेडकांचा विषय आणि सह्याद्रीचं नाव नाही, हे काही बरोबर नाही! हायड्रोफायलॅक्स बहुविस्तार हा आपल्याकडचा बेडूक. पाठीवर लालसर-केशरी रंग, बाजू काळपट, पाणथळ जागी दिसतो. पुण्याच्या आनंद पाध्ये, नीलेश डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये त्याला स्वतंत्र प्रजाती म्हणून नाव दिलं. त्याच्या कातडीतल्या पेप्टाइडाने फ्लूचा विषाणू मरतो अशी बातमी आली होती ना? तेव्हा आमच्या गटात नुसता जल्लोष.

पेशीवेल्हाळ

@सह्यभटका, हो, उरुमिन. तिरुवनंतपुरमचं राजीव गांधी जैवतंत्रज्ञान केंद्र आणि अमेरिकेतलं एमरी विद्यापीठ, २०१७. केरळातल्या बेडकांना सौम्य विजेचा झटका देऊन कातडीचा स्राव घेतला. त्यातल्या ३२ पेप्टाइडांपैकी चार फ्लूवर चालली, आणि चारांतली तीन माणसाच्या पेशींनाही मारक निघाली. उरलं एक. ते विषाणूच्या पृष्ठावरच्या हिमॅग्लुटिनिन या प्रथिनाच्या देठाला धरतं आणि विषाणूचा चुरा करतं. उंदरांना फ्लूपासून वाचवलं. पण फक्त एच-१ जातीच्या फ्लूवर, एच-३ वर नाही.

आणि कृपा करून यावरून कुणी बेडूक पकडून अंगाला चोळू नका. रशियात पूर्वी दूध नासू नये म्हणून त्यात बेडूक सोडायचे. २०१२ मध्ये मॉस्कोच्या रसायनशास्त्रज्ञांनी त्या जातीच्या कातडीतून पेप्टाइडांची लांबलचक यादी काढली, म्हणजे प्रथा अगदीच खुळी नव्हती. पण बेडकाच्या अंगावर साल्मोनेलाही असतो.

शंकासूर

मग मुख्य प्रश्न. १९८७ ला मॅगेनिन सापडलं. इतकी वर्षं झाली, औषध कुठाय? कंपन्यांना फायदा दिसत नाही म्हणून दाबलं, असंच ना?

पेशीवेल्हाळ

@शंकासूर, दाबलं नाही, उलट झॅस्लॉफ यांनी स्वतः कंपनी काढली. मॅगेनिनवरून पेक्सिगॅनन बनवलं, मधुमेहींच्या पायावरच्या चिघळलेल्या जखमांसाठी मलम. १९९९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्यता नाकारली, कारण आधीपासून असलेल्या औषधांपेक्षा ते सरस ठरलं नव्हतं. दुसऱ्या एका कंपनीने पुन्हा प्रयत्न केला, २०१६ च्या चाचण्यांत ते औषध नसलेल्या नुसत्या मलमापुढेही टिकलं नाही.

कारणं रसायनशास्त्रातच आहेत. जखमेतले क्षार आणि प्रथिनं पेप्टाइडाची धार बोथट करतात, प्रथिनं कापणारी विकरं त्याचे तुकडे करतात, रक्तात सोडावं तर विषारी मात्रा आणि उपयोगी मात्रा यांत अंतर थोडं. शिवाय बनवायला महाग. न्यूट्रोफिल हेच काम कसं करतो? जंतू गिळतो, छोट्या कप्प्यात कोंडतो आणि तिथे प्रचंड दाट मात्रेत डिफेन्सिन ओततो. काम त्या कप्प्यात होतं आणि तिथेच संपतं. माझ्या मते सगळी मेख इथे आहे: शरीर हे रेणू जागा आणि वेळ ठरवून वापरतं, आपण ते ट्यूबमध्ये भरून सगळीकडे माखायला बघतो.

दुसरा धक्का प्रतिरोधाचा. पटलच फाडल्यावर जिवाणू सुटणार कसा, म्हणून प्रतिरोध येणं अवघड, असं झॅस्लॉफ यांचं मत होतं. मॉन्ट्रियलच्या ग्रॅहम बेल यांनी पेक्सिगॅननची मात्रा हळूहळू वाढवत जिवाणू वाढवले. सहा-सातशे पिढ्यांत ते निर्ढावले. २००६ च्या त्या शोधनिबंधावर झॅस्लॉफ यांचंही नाव आहे, हे मला फार आवडतं.

रात्रपाळी

आणि कोलिस्टिनला दाद न देण्याचं तर जनुकच हातोहात फिरतंय. एमसीआर-१, चीनमधून नोव्हेंबर २०१५ मध्ये नोंदवलं गेलं. डुकरं, मांस आणि रुग्ण, तिन्हीकडे. पटलावरचा ऋणभार कमी करायचा, की पेप्टाइडाला ओढच लागत नाही. एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे प्लाझ्मिडवरून (डीएनएच्या सुट्या छोट्या वळ्यावरून) जातं.

पेशीवेल्हाळ

@रात्रपाळी, त्याची काळी बाजू आणखी आहे. ऑक्सफर्डच्या एका गटाने २०२३ मध्ये दाखवलं की एमसीआर-१ असलेला ई. कोलाय कोंबडी, डुक्कर आणि माणूस यांच्या स्वतःच्या पेप्टाइडांनाही जास्त दाद देईनासा होतो. कोंबडीच्या खाद्यातल्या औषधाने आपल्या उपजत हत्याराचीही धार घालवली, असा त्याचा अर्थ.

गोडाचा_शिरा

बाप रे. हे कुठल्याच बातमीत वाचलं नव्हतं.

मीनू_के

आत्ताच फ्रिजमधल्या चीजच्या पाकिटावर 'परिरक्षक आयएनएस २३४' वाचलं. शोधलं तर निसिन, आणि तेही म्हणे जिवाणूने बनवलेलं पेप्टाइड! खायचं की फेकायचं?

पेशीवेल्हाळ

@मीनू_के, खा. ताक-चीजमध्ये असणाऱ्या लॅक्टोकॉकसचं पेप्टाइड आहे, कित्येक दशकं वापरात आहे. ते सुरक्षित मानलं जातं याचं एक कारण म्हणजे आतड्यातली पाचक विकरं त्याचे तुकडे करून टाकतात, इतर कुठल्याही प्रथिनासारखे.

चहाबाज

थांबा, थांबा. मग माझी बायको गाईच्या चिकाच्या कॅप्सूल घेते, 'नैसर्गिक पेप्टाइडांनी प्रतिकारशक्ती वाढवा' लिहिलेल्या, डबी हजाराच्या वर, त्यांचंही तेच होतं का?

पेशीवेल्हाळ

@चहाबाज, बहुतांशी तेच. चिकातल्या लॅक्टोफेरिनसारख्या प्रथिनाचे पोटात तुकडे होताना एखादा तुकडा जंतुरोधी निघतो हे खरं आहे, पण तो रक्तात जाऊन 'प्रतिकारशक्ती वाढवतो' ही फक्त डबीवरची भाषा. वासराचं आतडं आणि पोट पहिल्या दिवशी वेगळं असतं, चीक त्याच्यासाठी आहे.

आजोळ

हजार रुपयांत चार वेळा खरवस होईल हो. वेलची-जायफळ घालून.

चहाबाज

हा प्रतिसाद बायकोला दाखवतोय. खरवस मंजूर झाला तर कळवतो.